दोन मार्कांचा दम

प्रिलिमचे पेपर तपासताना एक उत्तर असं समोर आलं की लाल पेन खाली ठेवून मी चहा टाकायला उठले. दहावी ब, विज्ञान भाग दोन. प्रश्न नेहमीचाच होता. शास्त्रीय कारण लिहा: खूप व्यायाम केल्यावर आपल्याला थकवा जाणवतो. दोन मार्क. मुलाने आधी लिहिलं होतं, 'जास्त दम लागल्यावर शरीराला पाहिजे तेवढा ऑक्सिजन पुरत नाही. मग पेशी ऑक्सिजनशिवायच काम चालवतात पण त्यात ऊर्जा कमी मिळते आणि लॅक्टिक आम्ल साठते म्हणून पाय भरून येतात.' मग या ओळींवर पट्टी ठेवून, एकेका ओळीवर एकेक सरळ रेघ मारून, सगळं खोडलं होतं. खाली नवं उत्तर होतं, 'कारण ग्लुकोजचे पूर्ण ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड, पाणी व एटीपीचे ३८ रेणू तयार होतात.' वाक्य पुस्तकी, वळणदार, आणि भलत्याच प्रश्नाचं: ऑक्सिजन पुरेसा असताना पेशीला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या रूपात किती ऊर्जा मिळते, त्याचं.

मुलं उत्तर खोडतात तेव्हा बहुधा वेळ संपत आलेला असतो, पेन रागाने फिरवलेलं असतं, कागदाला मागे वळ उठलेला असतो. ही तशी खोड नव्हती. याने कंपासपेटी उघडली, पट्टी काढली, ती ओळीवर नीट बसवली आणि स्वतःचं बरोबर उत्तर बाद केलं. तेही नीटनेटकं, कारण खाडाखोडीने पेपर घाण दिसतो आणि घाण पेपराला मार्क कमी पडतात, हे त्याने पहिलीपासून ऐकलेलं. आमच्याकडे खोडलेलं तपासायचं नसतं. मी दोनपैकी शून्य लिहिलं आणि पान उलटलं.

चहा झाला, पुढचा गठ्ठा झाला, तरी ती सरळ रेघ डोक्यातून जाईना.

हा मुलगा कबड्डी खेळतो. लालबाग, परळ, प्रभादेवी या पट्ट्यात यात मुद्दाम सांगण्यासारखं काही नाही. गल्लोगल्ली मंडळ आणि मंडळागणिक संघ. शाळा सुटल्यावर मी स्टेशनकडे निघते त्या वाटेवर त्यांचं मैदान लागतं. मातीवर नुकतं पाणी मारलेलं असतं, हॅलोजनभोवती किडे जमलेले असतात, कठड्यावर पेन्शनीतले काका बसलेले असतात आणि ते खेळणाऱ्यांपेक्षा जास्त ओरडतात. हा चढाईला निघतो तेव्हा मध्यरेषेपाशी एकदा छाती भरून घेतो. मग 'कबड्डी कबड्डी' सुरू होतं ते इतकं खालच्या पट्टीत की शब्द कळत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. तीस सेकंदांची चढाई, एका दमात. दम तुटला की संपलं. परत येतो तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून वाकतो, मानेची शीर उडत असते, आणि मग बाजूला बसून पोटरीवर हाताच्या कडेने ठोकत राहतो. ते उत्तर त्याच्याकडे कुठून आलं हे मला विचारायची गरज नव्हती. वर्गात ऐकलेलं आणि मैदानावर भोगलेलं त्याच्या डोक्यात कधीतरी एकमेकांना भिडलं होतं, आणि पेपर लिहिताना नेमकं हाताला लागलं होतं.

पेपर वाटून झाल्यावर त्याला थांबवलं. "अरे, हे का खोडलंस?" त्याने आधी पेपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरोबर होतं का बाई ते?" बरोबर होतं म्हटल्यावर तो हसला नाही की हळहळला नाही, जरा विचारातच पडला. "पण ते फार सोपं झालेलं बाई. शास्त्रीय कारण एवढं सोपं नसतं ना." आणि मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे पाहून, "आणि त्यात पाय भरून येतात असं लिहिलेलं. ते कसं दिसतं पेपरात!"

जीवशास्त्रात मुलांना मार्क का पडतात आणि का पडत नाहीत, यावर आम्हा शिक्षकांची एक ठरलेली यादी आहे. अभ्यास नाही, मोबाइल आहे, घरात लक्ष नाही, अक्षर वाईट आहे, वेळ पुरत नाही. यादीत खोटं काही नाही. 'फार सोपं झालेलं' हे मात्र तिच्यात मी कधी पाहिलं नव्हतं. आणि एकदा कानात शिरल्यावर मला ते जागोजागी दिसायला लागलं.

विज्ञानाच्या दोन भागांची घराघरांतली पत वेगवेगळी असते. भाग एकमध्ये गुरुत्वाकर्षण आहे, भिंगं आहेत, रासायनिक समीकरणं आहेत. तो समजावा लागतो, त्याला क्लास लावतात. भाग दोन, म्हणजे बहुतेक जीवशास्त्र, 'नुसता पाठ करायचा'. पालकसभेत हे वाक्य मला इतक्या जणांनी, इतक्या आपुलकीने ऐकवलंय की आता मी नुसती मान हलवते. पाठ करायचाच आहे म्हटल्यावर मुलंही हिशेबाने चालतात. दहा धडे, ४० मार्कांचा पेपर, प्रश्नांत 'कोणतेही तीन, कोणतेही पाच' अशी सवलत. मग पुस्तक मागून वाचायचं: आधी आपत्ती व्यवस्थापन, मग सामाजिक आरोग्य, कारण ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही थोडंफार लिहिता येतं. पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती, त्यातलं प्रतिलेखन आणि स्थानांतरण वगैरे ऑप्शनला टाकायचं. डीएनएतला निरोप बाहेर पडून प्रथिन कसं तयार होतं ही त्या पुस्तकातली सगळ्यात नवलाची गोष्ट, आणि वर्गातली निम्मी मुलं ती ऑप्शनला टाकून पास होतात. कधीकधी चांगल्या मार्कांनी.

पण पाठांतराला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशीही माझं जमत नाही. ही मंडळी बहुधा स्वतः पाठ करून शिकलेली असतात आणि आता विसरलेली असतात. प्राण्यांचे संघ विचार करून काढता येत नाहीत, ते पाठच करावे लागतात. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था हे एकदा तालात बसलं की जन्मभर निघत नाही, आणि मग त्या तालावर गुणसूत्रं कशी दुपदरी होतात, मधोमध येतात, दोन टोकांना ओढली जातात हे रचता येतं. ताल आधी, समज मागून, असंही होतं. घोळ दुसरीकडेच आहे. पाठ केलेलं तेवढं खरं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं, अंगाने सोसलेलं ते पेपरात लिहिण्याच्या लायकीचं नाही, अशी वाटणी मुलांच्या मनात कधीतरी होऊन जाते. ती कुणी मुद्दाम करत नाही. म्हणूनच ती शोधायला अवघड जाते.

माझ्या बाबतीत ती झाली नाही, याचं श्रेय एका जास्वंदीला आहे. आम्ही सातवी-आठवीत असताना विज्ञानाच्या बाई मंगळवार सोडून कुठल्याही वारी जास्वंदी आणायच्या, कारण मंगळवारी सिद्धिविनायकाच्या आसपास जास्वंदीचा भाव विचारायची सोय नसते. दोघींत एक फूल आणि अर्ध ब्लेड. पाकळ्या बाजूला करून मधल्या दांड्याला उभा छेद द्यायचा. बोटं चिकट व्हायची, लाल रंग नखांत जायचा. ती नळी पुंकेसरांची, आणि तिच्या आतून एक बारीक धागा वर गेलेला, वर त्याची पाच मखमली टोकं. तो धागा खाली कुठे जातो ते बघा, एवढंच बाई म्हणायच्या. खाली गेलं की हिरवट अंडाशय, त्यात पाच कप्पे, कप्प्यांत बारीक पांढरे दाणे. पुमंगाच्या पोटातून जायांग जातं हे वाक्य मी कधी पाठ केलं नाही आणि कधी विसरलेही नाही. त्या वर्षी परीक्षेत मला किती मार्क पडले ते मात्र अजिबात आठवत नाही.

आता मी स्वतः जास्वंदी आणते. ब्लेडवर मात्र बंदी आहे. सुरक्षेचं परिपत्रक, पालकांची तक्रार, सगळं रास्तच. त्यामुळे छेद मी टेबलावर देते आणि साठ मुलं रांगेने येऊन बघून जातात. एकेकाच्या वाट्याला काही क्षण.

सूक्ष्मदर्शकाचंही तेच. कपाटात आहेत, त्यातले चालू थोडे. प्रयोगशाळा सहाय्यक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, किल्ली शिपायाकडे असते. तरी कांद्याचा पापुद्रा मी सोडत नाही. चिमट्याने सोललेला तो ओला पारदर्शक तुकडा, सॅफ्रनिन या लाल रंगाचा थेंब, आणि आच्छादक काच सुईच्या आधाराने तिरकी ठेवत हळूच खाली सोडायची, नाहीतर हवा अडकते. हवा अडकतेच. भिंगाखाली हवेचा बुडबुडा फार देखणा दिसतो: काळीभोर जाड कड, आत स्वच्छ उजेड, एकदम गोल. पहिल्यांदा बघणारी मुलं हमखास त्यालाच पेशी समजतात. मागची मुलं ढकलत असतात, 'दिसली का' विचारलं की सगळे 'दिसली' म्हणतात आणि जागेवर जाऊन पुस्तकातली आकृती वहीत उतरवतात. एका मुलीने मात्र डोळा न हलवता सांगितलं, "बाई, मला नुसतं काळं गोल दिसतंय, पेशी नाहीये यात." बाकीच्या हसल्या. मी काचपट्टी जरा सरकवली तेव्हा तिला गुलाबी लांबट चौकटी दिसल्या आणि ती बराच वेळ बाजूला होईना. तिने काढलेल्या आकृतीत केंद्रक मधोमध नव्हतं, पेशीभित्तिकेला चिकटून कडेला होतं. वनस्पतीपेशीतली मोठी रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, केंद्रकाला ढकलते, म्हणून ते बरेचदा असंच कडेला दिसतं. वर्गातल्या बाकी बहुतेक आकृत्यांत ते ठिपक्यासारखं बरोब्बर मधोमध.

मार्क सगळ्यांना सारखेच. नमुना उत्तरात 'केंद्रक: अर्धा गुण' एवढंच असतं, कडेला की मधोमध, ते कुणी विचारत नाही.

आकृती हे जीवशास्त्रातलं मार्क मिळवायचं हुकमी साधन मानतात, आणि आहेही. हृदय, वृक्काणू, जास्वंदीचा छेद. पेन्सिल टोकदार हवी, नावांच्या रेषा एकमेकींना छेदायला नकोत, नावं उजवीकडे एका रांगेत. चित्रकलेत बरी असलेली मुलं इथे तरून जातात. पण 'या आकृतीत रक्त कुठून कुठे जातंय ते बोटाने दाखव' म्हटलं की सुबक हृदय काढणाऱ्याचं बोट महारोहिणीतून उलटं डाव्या जवनिकेत शिरतं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, जे १९७४ पासून आहे, मुलं शरीराच्या आकृत्या कशा काढतात आणि त्यातून त्यांना काय समजलेलं असतं यावर संशोधन झालेलं आहे. अवयवाची रचना येणं आणि त्याचं काम त्या रचनेशी जोडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणाही विज्ञान शिक्षकाला रोज दिसतं. पेपरात मात्र पहिलीची किंमत चोख मिळते आणि दुसरीची अधूनमधून. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी मुंबईत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा होते, तिच्यात प्रयोगाची फेरी वेगळी असते. आमच्याकडची एखादी हुशार मुलगी लेखी परीक्षेतून पुढे जाते आणि त्या फेरीत अडखळते. तिने ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची काचेची नळी, आधी फक्त चित्रात बघितलेलं असतं.

घराबद्दल लिहायचं मी टाळत होते, कारण ते लिहिलं की बाकी सगळं माफ होतं. पण बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सहा माणसं असतात तेव्हा दहावीचं पोर कुठे बसणार, हे सगळ्यांना माहीत असूनही लिहायलाच हवं. मंडळाची अभ्यासिका असते. वरळीला तर अख्खी अभ्यासगल्लीच आहे, पिढ्यान् पिढ्या मुलं तिथे रस्त्याच्या दिव्याखाली येऊन बसली. काही चाळींच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरं झाली, होताहेत. तिथे गेलेल्या एका मुलीने सांगितलं, स्वतंत्र खोली मिळाली पण अभ्यासिकेतल्यासारखा अभ्यास होत नाही, एकटं वाटतं. हे माझ्या कुठल्याच मतात बसलं नाही. झोपेचं मात्र सरळ आहे. पाणी पहाटे येतं, बादल्या भरायला उठावं लागतं, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोप लागते हे मेंदूच्या अभ्यासातून पुरेसं सिद्ध झालेलं आहे. माझ्या तिसऱ्या तासाला मागच्या बाकावर जी डोकी खाली जातात, त्यांना मी आता उठवत नाही.

दहावीची ही मुलं कोविडच्या काळात पाचवी आणि बरीचशी सहावी मोबाइलवर शिकली. त्यांचं ज्ञान कमी आहे असं मला वाटत नाही. पण हात कमी चालतो. दोन तास सलग लिहायची सवय ज्या वयात लागते तेव्हा ती घरात बसून स्क्रीनशॉट काढत होती. शेवटचा पाच मार्कांचा प्रश्न कोरा दिसला की आम्ही 'अभ्यास नव्हता' म्हणून मोकळे होतो. एकदा दोघातिघांना तोच प्रश्न तोंडी विचारला तर घडाघडा सांगितला.

तसंच, जगण्यातून जीवशास्त्र आपोआप येतं असंही मानायला नको. तसा गोड समज माझाही होता, एका मासळीवालीच्या मुलीने तो काढला. तिला चिंबोरी, म्हणजे खेकडा, उलटी करून पोटावरची झडप रुंद की अरुंद बघून मादी की नर ते सांगता येतं. माकुल (स्क्विड) साफ करताना आतून निघणारं ते पारदर्शक लांबट पान तिच्या रोजच्या हातातलं. तरी वर्गीकरणाच्या प्रश्नात तिने माकुलाला माशांच्या रांगेत बसवलं. विचारलं तर म्हणाली, "पाटीत मासळीतच असते ना बाई." बाजारातलं वर्गीकरण भावाने, चवीने आणि साफ करायला लागणाऱ्या वेळाने चालतं, आणि त्याच्या जागी ते अगदी बरोबर असतं. ते पान म्हणजे कवचाचाच अवशेष आहे आणि माकुल गोगलगायीच्या संघातली, मृदुकाय, हे कुणीतरी सांगावंच लागतं. सांगितल्यावर ती जे हसली तसं पुस्तक वाचून कुणी हसलेलं मी पाहिलेलं नाही. त्या एका बाबतीत तिचं आणि चढाईवाल्याचं सारखंच: ठाऊक असलेलं कुठे जोडायचं एवढंच राहिलं होतं.

आणि एक धडा असा आहे की तिथे ठाऊक असणंच आड येतं. सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग दोन, म्हणजे प्रजनन. बऱ्याच वर्गांत हा अजूनही 'घरी वाचून या' असतो. शिकवणाऱ्याचा घसा आधी कोरडा पडतो, मुलांचं हसू मागून येतं. मी शिकवते, दारं उघडी ठेवून, नेहमीच्या आवाजात. तरी पेपरात ऋतुचक्राचा प्रश्न मुलं लिहितात आणि मुली सोडतात, हे मी अनेकदा पाहिलंय. मुलांना तो चार टप्प्यांचा तक्ता असतो, संप्रेरकांची नावं टाकली की झालं. मुलींना माहीत असतं की पेपर कुणीतरी वाचणार. एकीने तास संपल्यावर विचारलं, पुस्तकात २८ दिवस दिलेत आणि माझे तसे नसतात, मग मी काय लिहू? मी म्हटलं, कमी-जास्त होतं, पुस्तकात सरासरी असते. तिने मान डोलावली आणि तो प्रश्न सोडला तो सोडलाच. निकालाच्या दिवशी 'यंदाही मुलींची बाजी' अशी बातमी दरवर्षी येते आणि खरीही असते. शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी नाही म्हणून महिन्यातले काही दिवस घरी बसूनही ती बाजी मारलेली असते.

आमच्या शाळेत 'अ' तुकडी सेमीची आहे, 'ब' पूर्ण मराठीची. सेमीची मुलं विज्ञान इंग्रजीतून लिहितात, त्यामुळे त्यांना पाठ केल्याशिवाय गत्यंतर नसतं. स्वतःच्या मनाने वाक्य रचण्याइतकी इंग्रजी अंगात मुरलेली नसते. 'ब'मधल्या मुलांना ते स्वातंत्र्य आहे, भाषा त्यांची आहे. ती वापरायला मुलं घाबरतात. अकरावीला सायन्स घेतलं तर सगळं इंग्रजीतच होणार, तेव्हा आपलं हे मराठीतलं म्हणजे तात्पुरतं, अशी एक जाणीव त्यांच्या बसण्या-उठण्यात असते. चढाईवाला 'ब'चा. त्याचं खोडलेलं उत्तर मी 'अ'मध्ये शोधलं असतं तर सापडलंच नसतं, लिहिलंच गेलं नसतं.

यात आणखी एक गंमत आहे आणि ती मला सुखाने झोपू देत नाही. लॅक्टिक आम्लामुळे थकवा येतो हे आम्ही शिकवतो त्या कल्पनेचं वय शंभराच्या वर आहे. बेडकाच्या पायाच्या स्नायूंवर प्रयोग झाले, स्नायूंतल्या उष्णतेबद्दल आणि लॅक्टिक आम्लाबद्दलच्या कामासाठी हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं. आज शरीरक्रियाशास्त्रज्ञ त्या बिचाऱ्या आम्लाला एवढा दोष देत नाहीत. थकव्याची कारणं अनेक असतात. लॅक्टेट तर हृदय इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात ते आम्ल साठल्यामुळे नव्हे, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते म्हणून. तोवर ते आम्ल केव्हाच निघून गेलेलं असतं. म्हणजे मुलाने खोडलेलं उत्तर बोर्डाच्या दृष्टीने पूर्ण बरोबर आणि आजच्या विज्ञानाच्या दृष्टीने निम्मं बरोबर. त्यातली 'ऊर्जा कमी मिळते' ही ओळ तर दोन्हीकडे टिकते, आणि ती त्याच्या स्वतःच्या शब्दांत होती. हे सगळं मी त्याला परीक्षेआधी सांगावं का? स्टाफरूममध्ये हे बोलले तर सहकारी बाई एकदम म्हणाल्या, "अहो, नका. बोर्डाच्या तोंडावर त्याला मनाचं लिहायची सवय लावलीत तर जिथे पुस्तकातलं हवंय तिथेही मनाचं लिहील. आणि तिकडे तपासणारा तुम्ही नसाल." त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. बोर्डाचा पेपर लाल पेन घेतलेल्या कुणा अनोळखी माणसाकडे जाणार, त्याच्यापुढे गठ्ठा असणार, आणि त्याला पाय भरून येतात यात विज्ञान शोधायला किती वेळ मिळेल मला माहीत आहे. मीही तोच माणूस असते दर मार्च-एप्रिलमध्ये.

बोर्डाआधीच्या शेवटच्या सराव परीक्षेचा पेपर काढायचं काम माझ्याकडे आलं. त्यात मी एक प्रश्न घातला: 'कबड्डीत चढाई करून परतलेल्या खेळाडूच्या पायांच्या स्नायूंत काय घडत असेल ते तुमच्या शब्दांत लिहा.' दोन मार्क. मुख्याध्यापकांनी पेपर पास केला, फक्त नमुना उत्तर जोडा म्हणाले. ते लिहायला बसले आणि लक्षात आलं की ऑक्सिजन पुरत नाही हे लिहिलं तरी चालेल, विनॉक्सी श्वसन म्हटलं तरी चालेल, ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३८ऐवजी एटीपीचे दोनच रेणू मिळतात हे आणखी चांगलं, लॅक्टिक आम्ल तर पुस्तकातच आहे, आणि कुणी नुसतं 'पेशींना आत्ताच्या आत्ता ऊर्जा हवी असते म्हणून त्या जवळचा रस्ता धरतात' असं लिहिलं तर त्यालाही मी पूर्ण मार्क देईन. शेवटी लिहिलं, 'योग्य कारणमीमांसा असल्यास गुण द्यावेत.' 'अ'चे पेपर तपासणाऱ्या बाईंनी तो कागद परत पाठवला. "योग्य म्हणजे नेमकं काय ते लिहा बाई, माझ्याकडे त्रेसष्ट पेपर आहेत आणि शनिवारी निवडणुकीच्या कामाचं ट्रेनिंग." तेही खरंच आहे. त्या कागदावर आता पाच ओळी झाल्यात, सहावीत 'पाय भरून येणे' घालायचं की नाही ते ठरायचंय, आणि झेरॉक्सवाला उद्या दुपारपर्यंतच थांबणार आहे.